बारावा महिना

भाड्याचा करार अकरा महिन्यांचाच करायचा, हे मला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. जेवणाआधी हात धुवायचे असतात, तसं ते आमच्या घरात होतं. कोथरूडला बाबांचा एक छोटा ब्लॉक होता. तो त्यांनी एका ‘फार सज्जन’ माणसाला दिला, कागदबिगद काही न करता, आणि ते सज्जन गृहस्थ एकोणीस वर्षं तिथून हलले नाहीत. माझं कॉलेज, माझं लग्न, माझं बाळंतपण, सगळं त्या खटल्याच्या तारखा सांभाळत झालं. बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, “भाडेकरू देव असला तरी अकरा महिने. बारावा महिना द्यायचा नाही.”

त्यामुळे अजमानमधला आमचा फ्लॅट भाड्याने द्यायची वेळ आली, तेव्हा माझ्या डोक्यात एकच आकडा पक्का होता.

आमचा कारभार तसा उलटाच. आम्ही राहतो दुबईतल्या करामामध्ये, भाड्याच्या घरात, कारण नवऱ्याचं ऑफिस, लेकीची शाळा आणि माझी अल क्वोजमधली नोकरी सगळं इथून जमतं. स्वतःचं म्हणावं असं घर मात्र अजमानला, कारण दुबईत विकत घेणं आपल्या बापजन्मात शक्य नव्हतं. सुरुवातीला दोन वर्षं हौसेने तिथं राहिलो. रोज सकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसून नवऱ्याची पाठ आणि माझी जीभ दोन्ही कामातून जायला लागल्या, तेव्हा मुकाट्याने परत आलो.

एजंट केरळचा, गडी फार लाघवी. त्याचा फोन आला, “मॅडम, पार्टी मिला. लोकल लेडी है. भाडा में गव्हर्नमेंट मदद करता है.”

मी उडालेच. लोकल म्हणजे अमिराती, इथली नागरिक. एकवीस वर्षं या देशात काढून माझी समजूत अशी, की इथले सगळे मोठाल्या व्हिलांमध्ये राहतात आणि आपण त्यांच्या इमारतींमध्ये. त्यांच्यातही कुणाची मिळकत बेताची असते, कुणाला सरकारकडे अर्ज करून घरभाड्याची मदत घ्यावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं. आता हसू येतं. कागदपत्रं तपासण्यात आयुष्य गेलं, आणि माणसांबद्दल एवढं अज्ञान!

“अगं, सरकारचा पैसा म्हणजे बुडायची भीती नाही,” नवरा म्हणाला. “वर्षाचे पस्तीस हजार दिरम, म्हणजे आठ लाख झाले आपले.”

“पैसा नाही बुडायचा, घर बुडेल त्याचं काय? तिच्या देशात मी तिला बाहेर काढणार? कुठल्या तोंडाने?”

लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “ममा, वुई आर टेनंट्स टू.”

“तू गप्प बस,” मी म्हटलं.

ती अमिराती बाई घर बघायला आली तेव्हा मी आधीच जाऊन बसले होते, परीक्षकासारखी. माझ्याच वयाची, पन्नाशीला टेकलेली, उंच, अंगावर काळा पायघोळ अबाया, चेहऱ्यावर थकवा; पण पाठ ताठ. आणि बोलायला लागली ते चक्क हिंदीत. तिचे वडील लाकडी गलबतावरून खजूर घेऊन मुंबईला जायचे आणि कापडाचे तागे घेऊन परत यायचे. हिंदी त्यांच्याकडून आलेली, उरलेली सिनेमांमधून.

तिने किचन पाहिलं नाही, हॉल पाहिला नाही, बाल्कनीतून समुद्र दिसतो असं एजंट घसा फोडून सांगत होता तिकडेही वळली नाही. आधी लिफ्टमध्ये गेली. दार किती वेळ उघडं राहतं ते तिने मनातल्या मनात मोजलं. मग बाथरूमच्या दाराशी उभी राहून वितीने त्याची रुंदी मोजली. चार विती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “अम्मा की कुर्सी आ जाएगी.”

तिची आई व्हीलचेअरवर होती आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. त्यांचं गाव मसफूत, अजमानचाच तुकडा, पण दूर डोंगरात. तिथून हॉस्पिटल दीड तासावर. सुईने पोखरलेला हात घेऊन म्हातारी एवढं अंतर जायची आणि यायची, आणि परतीच्या वाटेवर गाडीतच निपचित पडायची. माझा फ्लॅट हॉस्पिटलपासून गाडीने पाच मिनिटांवर होता. नवरा वारलेला, दोन मुली शिकत असलेल्या, आणि ही आई. एवढंच कारण होतं, आणि ते तिने दोन वाक्यांत सांगून संपवलं. रडगाणं नाही की काही नाही.

मला पाझर फुटला नाही असं नाही. पण बाबा डोक्यात उभे होतेच. मी म्हटलं, “काँट्रॅक्ट ग्यारा महीने का होगा.”

एजंट कळवळला. “मॅडम, इधर सब लोग एक साल का करता है. इधर का कानून अलग है.”

“मला कायदा नको शिकवूस,” मी त्याला चक्क मराठीत झापलं.

तिने विचारलं, “ग्यारा क्यूँ? साल में तो बारा होते हैं.”

“हमारे यहाँ ऐसा ही होता है.”

ती हसली. “तुम्हारा घर, तुम्हारा तरीका.” आणि सही केली.

मला वाटलं, जिंकले!

पुढचे काही महिने मी काही ना काही निमित्त काढून तिथं जात राहिले. कधी एसीची सर्व्हिस, कधी विसरलेली एखादी किल्ली. खरं कारण एकच, घर नीट ठेवलंय ना ते बघायचं. पहिल्यांदा गेले आणि दारातच थबकले. आम्ही दोन वर्षं राहून त्या घराचं जे केलं नव्हतं, ते तिने दोन महिन्यांत केलं होतं. किचनच्या फरशीत एक फट होती, तिच्यावरून मी रोज नवऱ्याशी भांडायचे. ती हिने स्वतः गुडघ्यांवर बसून सिमेंटने भरली होती. बाल्कनीच्या उंबऱ्याला लाकडी फळीचा उतार करून घेतला होता, व्हीलचेअर जावी म्हणून. त्याला एकही खिळा ठोकलेला नव्हता. “तुम्हारी दीवार है,” ती म्हणाली, “खिळा मारण्याआधी विचारायला हवं ना.” हे अर्थात तिच्या हिंदीत.

आमचा जुना सोफा तिला देऊ केला, तर हात छातीवर ठेवून नको म्हणाली. “घर दिया ना. बस.” मला राग आला. चांगला सोफा होता! मग करामाला परतताना वाटेत लक्षात आलं, की तिच्या जागी मी असते तर मीही नको म्हटलं असतं, फक्त एवढं छान म्हणता आलं नसतं.

म्हातारी खिडकीजवळच्या पलंगावर असायची. मी आत आले की ओरडायची, “बंबई आई!”, म्हणजे मुंबई आली. पुणं, नागपूर, अख्खा हिंदुस्थान तिच्या लेखी बंबई. जवळ बसवून माझ्या बांगड्या चाचपायची, साडी नेसलेली असले तर पदराचं कापड दोन बोटांत धरून आपल्या गलबतवाल्या नवऱ्याच्या तोऱ्यात भाव सांगायची, पन्नास वर्षांपूर्वीचा, रुपयांत. दिवाळीला मी चकल्यांचा स्टीलचा डबा नेला. तो पंधरा दिवसांनी परत आला, आत तुपात परतलेली लापशीसारखी काहीतरी खिरापत. रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे माझ्या आईचं शास्त्र इथेही चालतं हे बघून मला फार बरं वाटलं.

आणि तिचं ते उचलणं. लिफ्ट बंद पडली होती एकदा, मी नेमकी खाली उभी. डायलिसिसची वेळ झालेली. वॉचमन म्हणाला, अर्धा तास थांबा. ती थांबली नाही. आईला पाठीवर घेऊन तीन मजले उतरली, मागून थोरली मुलगी घडी केलेली खुर्ची घेऊन. खाली आली तेव्हा घामाने निथळत होती आणि म्हातारी तिच्या कानाशी काहीतरी गात होती. मला बघून म्हणाली, “अम्मा कहती है, ऊँट अच्छा है, धीरे चलता है.” दोघी खदखदून हसल्या. मी मेली तिथं पर्स धरून उभी होते, काय करावं कळेना, म्हणून गाडीचं दार उघडून धरलं.

आठव्या महिन्यात एके दुपारी तिचा फोन आला. माझं काम एका गोदाम कंपनीत, मालाची कागदपत्रं तपासण्याचं. त्या दिवशी एका कागदावर वजनाचा आकडा चुकलेला आणि कंटेनर बंदरात अडकलेला. साहेब माझ्या टेबलापाशी उभा. फोन उचलला तर ती विचारते, “उख्ती, कागज बदल सकते हैं? बारा महीने का?” उख्ती म्हणजे माझी बहीण, अलीकडे ती मला असंच म्हणायची.

माझा पारा आधीच चढलेला. वाटलं, आलं! बाबा सांगायचे ते हेच. आधी एक महिना, मग एकोणीस वर्षं. मी म्हटलं, “एक बार तय हो गया ना? खलास.”

“ठीक है,” ती म्हणाली. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. संध्याकाळपर्यंत तर विसरूनही गेले.

मग तीनेक आठवड्यांनी पुन्हा फोन. बुधवार होता. आवाज नेहमीसारखा शांत. म्हणाली, पुढचा चेक बँकेत टाकू नका, आम्ही शनिवारी घर खाली करतोय, किल्ली एजंटकडे देईन.

मी भडकले. एवढ्या घाईत कोण घर सोडतं? नोटीस नाही, काही नाही! तोंडाला येईल ते बोलले तिला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुम्हारा हक है.” त्या तीन शब्दांनी तर मी आणखीच पेटले. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून सरळ अजमान गाठलं. नीट भांडायचं होतं मला.

दार उघडं होतं. हॉलमध्ये खोकी बांधून ठेवलेली, दोरीने, व्यवस्थित, प्रत्येकावर अरबीत काय आहे ते लिहिलेलं. म्हातारी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. आज बंबई आली नाही. मुली बाहेर गेलेल्या, आणि ती एकटीच आत कपडे घडी करत होती. टेबलावर एक सरकारी पत्र होतं.

मला अरबी वाचता येत नाही. पण एकवीस वर्षं कागद तपासलेत, आकडे कळतात. एक उभी रेघ आणि शेजारी दुसरी उभी रेघ, म्हणजे अकरा. त्याला कुणीतरी लाल पेनने गोल केलेला. खाली ओळीत बारा. शेवटी तारीख, उद्याची.

पत्र उचलून तिला विचारलं, तेव्हा कळलं. मदत संपूर्ण वर्षाच्या करारावरच मिळते, फाइल फेरतपासणीला आली तेव्हा हे उघडकीला आलं होतं. दुरुस्त कागद द्यायला तीस दिवस दिले होते. ते दिले नाहीत तर फाइल बंद. फाइल बंद म्हणजे घर बंद, आणि घर बंद म्हणजे म्हातारी परत मसफूतला, पुन्हा तो दीड तास जायचा, दीड तास यायचा, आठवड्यातून तीनदा. डॉक्टरने तर सांगूनच ठेवलं होतं, की एवढा प्रवास आता तिला सोसायचा नाही. लोकांच्या कागदांतल्या चुकांवर मी पगार घेते, आणि ही चूक माझीच होती. चूकसुद्धा कसली, हट्ट.

“मला सांगितलं का नाहीस?” मी ओरडलेच. हिंदीतलं ‘आप’ वगैरे सगळं उडून गेलं होतं.

“पूछा था,” ती म्हणाली. “तुमने कहा, खलास.”

“कारण सांगायचं ना!”

तिने हातातला कपडा घडी करून खोक्यात ठेवला. “कारण सांगितलं असतं तर तुला नाही म्हणता आलं नसतं,” ती म्हणाली. “घर तुझं आहे. अम्माचं नाव पुढे करून तुझ्याकडून सही काढायची नव्हती मला. आणि त्या कागदावर माझीही सही आहे. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती.”

मला रडू कोसळलं. उभ्या उभ्या, पर्स खांद्याला तशीच. इतकी वर्षं मी स्वतःला मानी समजत होते. मान काय असतो ते ही बाई कपड्यांच्या घड्या घालता घालता दाखवत होती, आणि मी तिच्या अंगावर भांडायला आले होते.

शुक्रवारी सरकारी कचेऱ्या बारापर्यंतच. सकाळी साडेसातला आम्ही दोघी सरकारी कागद टाइप करून देणाऱ्या टायपिंग सेंटरच्या बंद शटरपुढे उभ्या होतो. नवा करार, जुन्याच तारखेपासून बारा महिन्यांचा. घर नवऱ्याच्या नावावरही आहे, त्याची सही हवी. तो जबल अलीच्या साइटवर निघालेला, सेफ्टी बूट घातलेला माणूस तसाच उलटा फिरून अजमानला आला. काही विचारलं नाही बिचाऱ्याने, फक्त म्हणाला, “बारा का? बरं केलंस.” महापालिकेचा शिक्का मिळेस्तोवर सव्वाअकरा. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होते. ती मात्र गाडी चालवताना एकदाही हॉर्न वाजवेना. “अगं, चल लवकर, यल्ला!” मी म्हणत होते, मराठीत, अरबीत, सगळ्यात.

मदतीच्या कचेरीत काउंटरवर एक तरुण मुलगी. तिने दोन्ही करार शेजारी ठेवले आणि विचारलं, आधी अकरा का लिहिलं होतं? मी हिला म्हटलं, “सांग तिला, ही बाई मूर्ख आहे. चूक तुझी नाही, माझी म्हण. वाटेल ते लिहून देते.”

ही अरबीत बोलायला लागली. बोलतच राहिली. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत चक्क आदर! मूर्ख हा शब्द अरबीत एवढा लांब असतो? बाहेर आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाली, “मैंने बताया, इसके बाबा के साथ बहुत बुरा हुआ था. डरी हुई थी. फिर भी घर दिया.”

कोथरूडची गोष्ट मी तिला कधीतरी गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, पिताना सांगितली होती. मी विसरले होते.

काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, “इन्शाल्ला.” आमच्या ऑफिसात हा शब्द ऐकला की मला धडकी भरते, कारण पुढे काहीच होत नाही. दोन आठवडे मी रोज फोन बघत होते. मग तिचा आवाजी मेसेज आला, दोनच शब्द. “खलास, उख्ती.” मदत चालू झाली होती. माझा जीव भांड्यात पडला. त्या रविवारी गेले तर खोकी नव्हती, उताराची फळी जागच्या जागी होती, आणि आतून हाक आली, बंबई आई.

बाराव्या महिन्याच्या नवव्या दिवशी म्हातारी गेली. हॉस्पिटलमध्ये नाही आणि मसफूतच्या रस्त्यावर गाडीतही नाही. घरात, खिडकीजवळच्या पलंगावर, सकाळचा चहा पिऊन झाल्यावर, लेक केस विंचरत असताना. माझ्या पहिल्या कागदाप्रमाणे त्या दिवशी ते घर त्यांचं नव्हतं.

मी गेले तेव्हा हॉल बायकांनी भरलेला होता. मी दाराशीच उभी राहिले. ती उठून आली, माझा हात धरून मला मधोमध नेलं आणि सगळ्यांना काहीतरी सांगितलं. एक खूप म्हातारी बाई धडपडत उठली आणि तिने माझ्या कपाळाचा मुका घेतला. मग दुसरीने घेतला. मी धाकट्या मुलीला हळूच विचारलं, आई काय म्हणाली?

“शी सेड ग्रँडमदर डाइड ॲट होम बिकॉज ऑफ यू,” ती डोळे पुसत म्हणाली. “शी सेड यू गेव्ह अस धिस मंथ. नोबडी आस्क्ड यू, यू जस्ट गेव्ह.”

मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती वाकून एका बाईच्या पेल्यात गहवा ओतत होती. तो महिना आधी मीच काढून घेतला होता, हे त्या भरल्या घरात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तिने ते स्वतःच्या मुलींनाही सांगितलं नव्हतं.